झाले नऊ, रायले चार

वर्ध्याच्या आसपास कुठल्याही खेड्यात ओसरीवर बसलेल्या, ऐंशीच्या पुढच्या आजीला विचारावं, “लेकरं किती झाले, आजी?” उत्तर एका आकड्यात येत नाही. “झाले नऊ, रायले चार.” सूर अगदी सपाट असतो. यंदा वावरात कापूस किती फुटला आणि घरात किती आला, हे सांगावं तसा. मधल्या पाचांबद्दल आपण होऊन विचारलं तरच त्या बोलतात, आणि बोलताना नावं क्वचितच येतात. “एक पाचवीलेच गेलं. एक पोरगी रांगत होती, तिले गोवर निघाला. दोन तं लागोपाठ...” मग बोलणं पावसावर जातं.

जनगणनेत विवाहित स्त्रीला नेमके हेच दोन प्रश्न विचारतात. आजवर जिवंत जन्मलेली मुलं किती, आणि त्यांतली आज हयात किती? विल्यम ब्रास नावाच्या ब्रिटिश लोकसंख्याशास्त्रज्ञानं या दोन आकड्यांवरून बालमृत्यूचा दर काढण्याची पद्धत बसवली. मृत्यूंची नोंद धड होत नाही अशा देशांत ती फार उपयोगी पडली. विशीतल्या बाईची गेलेली मुलं अलीकडे गेलेली असतात, चाळिशीतल्या बाईची बरीच आधी. त्यामुळे बायकांच्या वयावरून कोणत्या काळात किती मुलं दगावली याचाही अंदाज लागतो. एरवी ज्या मृत्यूंचा कुठल्याही कागदावर मागमूस नाही, ते आयांच्या तोंडी हिशेबातून असे बाहेर निघतात.

या हिशेबाची आणखी एक खूण गावोगाव शिल्लक आहे. ती म्हणजे जुन्या माणसांची नावं. धोंडू, दगडू, केरबा, भिकू आणि आमच्या विदर्भात उकंडा. उकंडा म्हणजे उकिरडा. आधीची दोन-तीन लेकरं गेली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं, की मृत्यूनं ढुंकूनही बघू नये. काही घरांत तर बाळ खरोखर उकिरड्यावर ठेवून दुसऱ्या बाईनं उचलून आणायचं, म्हणजे ते आपलं नव्हेच असा देखावा व्हायचा. जुन्या मतदारयाद्यांत अशी नावं वाचताना मला प्रत्येक नावामागं एक-दोन बिननावाची बाळं दिसतात.

*

सातव्या एडवर्डच्या राज्यात, म्हणजे १९०१ ते १९१० या काळात, इंग्लंडमध्ये बालमृत्यू हा मोठ्या चिंतेचा विषय झाला होता. शतक सुरू झालं तेव्हा तिथं हजार जन्मांमागं दीडशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत मरत. त्या काळात प्रत्येक नगरपालिकेचा आणि उपनगराचा एक आरोग्य अधिकारी असे. तो दरवर्षी छापील अहवाल काढी: कोणत्या वॉर्डात किती बाळं गेली, कोणत्या आठवड्यात गेली, घटसर्प किती, डांग्या खोकला किती, उन्हाळी जुलाब किती. १९१० मध्ये इंग्लंड आणि वेल्सचा दर १०५ वर आला. १९११ चा उन्हाळा भयंकर तापला आणि तो पुन्हा १३० वर गेला. एका कडक उन्हाळ्यानं आकडा इतका उसळला तो बाटलीमुळे. गिरणीत जाणाऱ्या आया बाळांना वरच्या दुधावर ठेवत, बाटल्यांना लांब रबरी नळी असे, ती आतून कधीच साफ होत नसे, आणि घोड्यांच्या लिदीवरच्या माश्या थेट दुधावर येत. या बाटलीला तिथले डॉक्टर ‘खुनी बाटली’च म्हणत.

हडर्सफील्ड या गिरणगावाचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी १९०४ मध्ये एक गंमतशीर घोषणा केली. आपल्या लाँगवुड या भागात महापौरपदाच्या वर्षात जन्मलेलं जे बाळ पहिला वाढदिवस गाठील, त्याला एक पौंड बक्षीस. पुढं त्या गावानं जन्माची खबर दोन दिवसांत कळवणाऱ्याला एक शिलिंग द्यायला सुरुवात केली. खबर मिळाली की लगेच बाईमाणूस घरी जायचं, बाळाला बघायचं आणि आईशी बोलायचं. शिलिंगाचा सगळा खर्च या भेटीसाठी होता. बाळ जन्मलंय हे महिन्यानं कळून उपयोग नाही, कारण धोक्याचे दिवस तोवर सरलेले असतात. १९०७ मध्ये जन्म ३६ तासांत कळवण्याचा कायदाही झाला.

त्याच वर्षांत वर्धा जिल्ह्यात काय चाललं होतं?

वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ नुकतेच होऊन गेले होते. १९०१ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ३ लाख ८५ हजार भरली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. रसेलसाहेबानं संपादलेलं जिल्ह्याचं गॅझेटियर १९०६ मध्ये निघालं. त्यात जमीन, पिकं, जाती, पाऊस सगळं तपशिलानं आहे. जन्म-मृत्यूची नोंद मात्र पोलीस ठाण्याकडे होती. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, कशानं मेलं, ही खबर कोतवालानं ठाण्यात पोचवायची. ठाण्यातला मुन्शी ती ठरलेल्या रकान्यांत लिहायचा. रकाने मोजके: पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, इजा आणि इतर.

पटकी कुणालाही ओळखता येई. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होत आणि माणूस सकाळी उभा तो संध्याकाळी आडवा. देवीचे फोड तोंडावरच दिसत. बाकी जवळजवळ सगळं ‘ताप’ या एका रकान्यात जाई. मलेरिया ताप, विषमज्वर ताप, न्यूमोनिया ताप, गोवरानंतरचा खोकला ताप. नाळ सडून आठव्या दिवशी गेलेलं बाळही तापच. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात निम्म्याहून अधिक मृत्यू या एका शब्दाखाली दडलेले आहेत. हजारी बालमृत्यू दोनशेच्या वर होते, आणि मध्य प्रांत त्यातही वरच्या पायरीवर. हे झालं नोंदल्या गेलेल्यांचं.

कोतवालावर दोष ठेवण्यात अर्थ नाही. तो बहुतेक गावांत महार समाजातला असे. ज्या माणसाला ओसरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यानं आतल्या अंधाऱ्या खोलीतल्या चार दिवसांच्या बाळाला काय झालं हे ठाण्यात जाऊन सांगायचं होतं. त्याच्यापर्यंत आलेला शब्द त्यानं पुढं पोचवला. पुष्कळदा तोही येत नसे. बाळाचं दहन करत नाहीत, पुरतात; वावराच्या बांधाला खड्डा करून दोन माणसं परत येतात. बाराव्या दिवसाआधी नाव नाही, म्हणजे नोंदवायचं तरी काय? मग ते ‘मेलेलंच जन्मलं’ असं सांगून मोकळं व्हायचं. उपजत मृत आणि जन्मून तासाभरानं मेलेलं यांतली ही सरमिसळ आजही पूर्ण संपलेली नाही.

*

पाचवीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे.

बाळाच्या पाचव्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, असं आपल्याकडे मानतात. त्या रात्री पाटा-वरवंटा पूजतात, दिवा विझू देत नाहीत आणि बाळंतिणीजवळ कुणीतरी जागं राहतं. सटवाई देवी खरी, पण तिची भीतीही तेवढीच. ती लिहून जाईल तशी घेऊनही जाईल. आता वैद्यकाचं पुस्तक उघडा. नवजात धनुर्वाताची लक्षणं साधारण तिसऱ्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत दिसतात, बहुतेकांत पहिल्या आठवड्याच्या शेवटाला. दोन दिवस छान अंगावर पिणारं बाळ अचानक तोंड उघडेनासं होतं. जबडा आवळतो, चेहरा विचित्र ताणला जातो, जरा हात लागला की अंग धनुष्यासारखं वाकतं. गावात म्हणत, आकडी आली. उपाय नव्हता. सटवाईच्या रात्रीची जागरणं कुठून आली हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण हा दिवस निवडणाऱ्या बायकांनी बरीच बाळं जाताना पाहिली असणार, एवढं वाटतं.

धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात राहतो. त्याचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, उन्हानं किंवा साध्या उकळीनं मरत नाहीत. त्याला वाढायला हवा नको असते, आणि कापलेली, सुकत चाललेली नाळ अशीच जागा असते. नाळ कापली जायची विळ्यानं, ज्यानं सकाळी गवत कापलं होतं. मग तिच्यावर राख किंवा शेणाच्या गोवरीची पूड. जंतू तिथंच वाढतो, शरीरात फारसा पसरतही नाही. तो सोडतो ते विष मात्र मज्जातंतूंतून वर चढतं.

यावरचा उपाय आश्चर्य वाटावं इतका साधा निघाला. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस दिली की तिच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्यं वारेतून बाळाला मिळतात, आणि ते पहिले आठवडे सुरक्षित पार करतं. त्याच्या जोडीला नवी ब्लेड, स्वच्छ दोरा, साबणानं धुतलेले हात, आणि नाळेवर काहीही न लावणं. माता व नवजात धनुर्वाताचं भारतातून निर्मूलन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. निर्मूलनाची व्याख्या अशी की देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागं एकाहून कमी बाळाला हा रोग होतो. मातीतला जंतू तिथंच आहे, त्यामुळे लस थांबवून चालत नाही. त्या बातमीचा गाजावाजा फारसा झाला नाही. पाचवी मात्र सगळीकडे पुजली जाते, आणि ती पुजणाऱ्या तरुण मुलींना या रात्रीची भीती म्हणजे काय असे याची कल्पना नसते.

*

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून सेगावला राहायला आले. सेगावचं सेवाग्राम झालं १९४० मध्ये, कारण पत्रं गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडत. गाव वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर, काळ्या मातीत. पावसाळ्यात चिखल असा की बैलगाडीचा कणा रुते. धड रस्ता नाही, पोस्ट नाही, दवाखाना नाही. बहुतांश मालगुजारी जमनालाल बजाजांची.

त्या आधीच्या वर्षी वर्ध्यातल्या मगनवाडीत असताना गांधीजींनी आणि त्यांच्या साथीदारांनी जवळच्या सिंदी गावात रोज पहाटे जाऊन रस्त्यावरचा मैला उचलायचा परिपाठ ठेवला होता. गावकरी बघत राहिले आणि पुन्हा तिथंच बसत राहिले. गांधीजींच्या शिष्या मीराबेनही सेगावात असाच झाडू घेऊन फिरल्या. पहिल्या पावसाळ्यानं मात्र सगळ्यांनाच धडा दिला. सप्टेंबर १९३६ मध्ये खुद्द गांधीजींना मलेरिया झाला आणि त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावं लागलं. पाठोपाठ मीराबेनना विषमज्वर. आश्रमात येणाऱ्या-जाणाऱ्यांना हगवण तर नेहमीचीच. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर केलेल्या तपासणीत गांधीजींच्याच पोटात अंकुशकृमी सापडले. हा कृमी मैला पडलेल्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो. आयुष्यभर संडासावर बोलणाऱ्या माणसालाही गावच्या मातीनं सोडलं नाही.

आता एक अवघड गोष्ट. गांधीजींचा देवीच्या लशीला विरोध होता, आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला आहे. १९३० मध्ये, दांडीयात्रा तोंडावर असताना, साबरमती आश्रमातली तीन मुलं देवीनं गेली. गांधीजी हादरले, पण त्यांनी मत बदललं नाही. पालकांना हवं तर लस टोचून घ्या, एवढी मोकळीक ठेवली. मला या बाबतीत त्यांचं म्हणणं पटत नाही. स्वच्छतेनं पटकी, हगवण आणि कृमी आटोक्यात येतात, देवी येत नाही; ती श्वासातून, जवळिकीतून पसरते. एकाच उपायाची सगळ्या रोगांवर सक्ती करण्याची खोड आपल्याकडे अजून आहे. तेव्हा निसर्गोपचाराची होती, आता इंजेक्शनाची आणि सलाइनची आहे.

तरी सेवाग्रामात घडलं ते थोडं वेगळं. १९३९ च्या सुमारास सुशीला नय्यर ही दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजातून शिकलेली तरुण डॉक्टर तिथं आली, आणि जवळजवळ लगेच पटकीची साथ आली. तिनं ती बहुतांशी एकटीनं हाताळली. मातीच्या लेपावर श्रद्धा असलेल्या बापूंच्या घरात ॲलोपॅथीची डॉक्टर राहिली आणि टिकली, ही त्या आश्रमाची एक मजेशीर बाजू. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गेल्या. त्यांच्या नावानं गोळा झालेला निधी खेड्यांतल्या बायका-मुलांसाठीच वापरायचा असं ठरलं. सेवाग्रामात बिर्लांनी पाहुण्यांसाठी बांधलेल्या घरात १५ खाटांचा, फक्त स्त्रिया आणि मुलांसाठीचा दवाखाना सुरू झाला. तेच कस्तुरबा रुग्णालय. १२ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, त्याला जोडून महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय निघालं. सुशीलाबेन तोवर देशाच्या आरोग्यमंत्री होऊन परत आल्या होत्या.

या कॉलेजाची एक रीत आहे. पहिल्या वर्षीच्या मुलांना आधी आश्रमात शिबिराला ठेवतात, सूत कातायला लावतात, आणि मग प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक देतात. ज्या मुलानं अजून प्रेताला सुरी लावलेली नाही, तो कुणाच्या तरी ओट्यावर बसून विचारतो, “मावशी, घरात लहान बाळ आहे का?” आणि मावशी बाळ दाखवायच्या आत त्यालाच विचारते, “तुहं लग्न झालं का?”

*

कॉलेजातले डॉक्टर उल्हास जाजू यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेवाग्रामच्या आसपासच्या खेड्यांत दोन गोष्टी करून पाहिल्या. एक, ज्वारीचा विमा. खळं झालं की प्रत्येक घरानं आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ती विकून गावचा निधी उभा राहायचा, आणि त्या बदल्यात गावात आरोग्यसेवक आणि गरज पडली तर कस्तुरबात उपचार. रोख पैसा वर्षातून एकदाच दिसणाऱ्या माणसाला दरमहा हप्ता मागण्यात काही हशील नव्हतं. ज्वारी मात्र सुगीला प्रत्येकाकडे असे, मजुराकडेही. घरात दोन पायल्या कमी झाल्यावर दवाखाना ‘आपला’ वाटायला लागला, आणि चांगली सेवा मिळाली नाही तर लोक भांडायलाही येऊ लागले. हा भाग मला विशेष आवडतो.

दुसरी गोष्ट गोवराची. गोवर हा लहान मुलांचा खरा मारेकरी होता. आईकडून मिळालेली प्रतिद्रव्यं सहा-नऊ महिन्यांत ओसरतात आणि बाळ उघडं पडतं. अंगावरचे पुरळ चार दिवसांत मावळतात. मारतं ते नंतरचं. न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, तोंड आल्यामुळे खाणं बंद आणि अ-जीवनसत्त्व खालावल्यानं जाणारे डोळे. घरात मात्र तो ‘माय’चा पाहुणचार, दाराला कडुलिंबाचा डहाळा, फोडणी बंद, औषध नाही. लस होती, पण ती सतत गार ठेवावी लागते, आणि खेड्यात तेव्हा वीज गेली की दिवसभर येत नसे. रोज थोड्या लशी गावोगाव नेण्याऐवजी वर्षातले ठरावीक दिवस धरून गावातल्या सगळ्या लहान मुलांना एकदम लस द्यायची, असा प्रयोग या खेड्यांत झाला आणि १९८५ मध्ये तो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. याचा एक हिशेब असा की बहुतेक मुलं एकाच वेळी सुरक्षित झाली तर गोवराला पुढं उडी मारायला मूलच सापडत नाही. बर्फाचा डबा वर्षातून मोजक्या वेळा सांभाळायचा, हा दुसरा, अधिक व्यवहारी हिशेब. त्याच वर्षी देशाचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला आणि गोवराची लस त्यात आली.

*

सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत शिकलेला एक मुलगा पुढं डॉक्टर झाला. अभय बंग. वडील ठाकूरदास बंग वर्ध्याचे गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ. अभय आणि राणी बंग यांनी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी पहिल्यांदा केलं ते कोतवालाचं काम, फक्त नीट. गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू टिपायचा, आणि आईजवळ बसून मूल कसं गेलं ते विचारायचं. ‘ताप’ हा रकाना असा पहिल्यांदा उघडला गेला. आत सगळ्यात मोठा निघाला न्यूमोनिया. आमच्याकडे म्हणतात बाळाला डब्बा झाला, पोट उडतंय. लोकांनी रोग केव्हाच ओळखला होता. त्यावर कुणी तापल्या विळ्यानं पोटाला डाग देई, कुणी भगताकडे नेई.

न्यूमोनिया ओळखायला एक्स-रे लागत नाही. श्वास मोजले की पुरे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, त्यापुढच्या तान्ह्याचे ५० किंवा जास्त, की धोका. पण गावातली दाई शिकलेली नव्हती. दहापर्यंत सहज मोजी, पुढं गल्लत होई, आणि घड्याळ कळत नसे. म्हणून ‘सर्च’नं एक लाकडी साधन बनवलं. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि तारेत ओवलेल्या मण्यांच्या दोन ओळी, शाळेतल्या पाटीवर असत तशा. एका ओळीत पाच हिरवे आणि शेवटचा लाल. दुसरीत चार हिरवे आणि शेवटचा लाल. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या उघड्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे, एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. औषध सुरू करायचं. बाळ झोपलेलं किंवा शांत हवं, रडत असताना मोजायचं नाही, एवढं एक पथ्य.

त्यांचा हा अभ्यास १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दाया आणि आरोग्यसेवकांनी साध्या कोट्रायमॉक्साझोलनं उपचार केलेल्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते.

तरी पहिल्या महिन्यातली बाळं जातच होती. म्हणून १९९५-९६ मध्ये त्यांनी ७६३ नवजात बाळं त्यांच्या घरीच, पहिले २८ दिवस वारंवार जाऊन बघितली. निम्म्याहून अधिक, ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती मिळाली तीन टक्क्यांहूनही कमी बाळांना. बाकीची घरीच बरी झाली किंवा घरीच गेली. कारणं होती: बाळंतिणीला बाहेर काढायचं नाही, रस्ता नाही, पैसा नाही, आणि इतक्या लहान जिवासाठी दवाखाना असतो ही कल्पनाच नाही. मग दवाखाना बाळाकडे न्यायचा, असं ठरलं. गावातलीच थोडीफार शिकलेली बाई आरोग्यदूत झाली. तिच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, गरम पिशवी आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन. रक्तात जंतू पसरले आहेत हे तिला प्रयोगशाळेशिवाय ओळखावं लागे. खुणा अशा: रडणं क्षीण झालं, अंगावर पिणं सुटलं, हातपाय लुळे पडले, हाताला गार लागतं, पोट फुगलं, छाती आत ओढली जाते, बेंबीत पू. यातल्या दोन एकदम दिसल्या की सुई. आई या खुणा पूर्वीही सांगायचीच, “पोरगं कसनुसं करून रायलं,” असं म्हणून. ते कुणी ऐकत नव्हतं.

गावातल्या बाईनं तान्ह्याला इंजेक्शन द्यायचं, यावर बऱ्याच डॉक्टरांनी डोळे वटारले. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी खाली आला होता. निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापले. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालात महाराष्ट्रभरच्या संस्थांनी आपापल्या भागातले बालमृत्यू मोजून दाखवले. राज्यात वर्षाला पावणेदोन लाखांच्या घरात मुलं जात असावीत, असा त्यांचा अंदाज होता, सरकारी आकड्याच्या कितीतरी पट. विधानसभेत गदारोळ झाला. इंग्लंडमधल्या आरोग्य अधिकाऱ्यानं शंभर वर्षांपूर्वी जे काम नोकरीचा भाग म्हणून केलं, ते इथं संस्थांना स्वतः करून सरकारला दाखवावं लागलं, हे जरा लाजिरवाणंच.

इंग्लंडमधल्या त्या अधिकाऱ्यांच्या आणि आपल्या जुन्या साहेबांच्या अहवालांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. दोन्हीकडे दोष आईवर आणि दाईवर. आई अडाणी, दाई घाणेरडी. विळा घाणेरडा होता, यात वाद नाही. पण बाळंतिणीला ज्या कोपऱ्यात ठेवत तिथं वारा नव्हता की ऊब नव्हती. बाजेखालची शेगडी धूर ओकायची. चीक टाकून देऊन तीन दिवस गुळाचं पाणी चाटवायचं हे सासू सांगे, आणि सुनेला तोंड नव्हतं. अठराव्या वर्षी तिसरं बाळंतपण असलेल्या, शेवटच्या महिन्यापर्यंत निंदायला जाणाऱ्या मुलीचं बाळ पावणेदोन किलोचं झालं, तर त्यात तिचं अज्ञान किती आणि ज्वारी किती?

*

२०२० मध्ये महाराष्ट्राचा बालमृत्युदर हजारी १६ होता, देशाचा २८. देशाच्या या २८ पैकी २० मृत्यू पहिल्या महिन्यातले. बाकीचे रोग लशींनी, रस्त्यांनी, नळाच्या पाण्यानं, मुलींच्या शाळेनं मागं रेटले. शिल्लक राहिले ते पहिले दिवस, सटवाईचे. २०११ पासून देशभर आशाताईंना याच कामाला लावलं आहे. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला बघायचं.

त्यासाठीचा फॉर्म एका आशाताईनं मला दाखवला. घडी पडून मऊ झालेला, कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलेलं. बाराव्या दिवसाच्या आतल्या भेटी होत्या, त्यामुळे नावाच्या जागी आईचं नाव आणि पुढं ‘बाळ’ एवढंच. त्याखाली मात्र एकेक गोष्ट लिहिलेली: वजन ग्रॅममध्ये, काखेतलं तापमान, मिनिटाला श्वास ४४, नाळ कोरडी, दूध चांगलं पितं. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात श्वासाचा आकडा खोडून पुन्हा लिहिला होता. मी विचारलं, तर म्हणाली, “रडत होतं तवा. थांबली, निजू देलं, मंग मोजलं.”